आलिशान गाडी बाराव्या वर्षी पास होते का? मोटार कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
आलिशान मोटारी बनवणाऱ्या सर्व कंपन्यांची संचालक मंडळं, अभियंते आणि विक्रीनंतरच्या सेवेचे प्रमुख यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमची नवी गाडी येते तेव्हा ती किती सेकंदांत शंभरचा वेग गाठते, आतलं कातडं कोणत्या प्रतीचं आहे, पडदा किती मोठा आहे, बंद काचांआड किती शांतता असते, हे सगळं आम्हाला सांगितलं जातं. एक गोष्ट मात्र तुमच्या कुठल्याच माहितीपत्रकात मी आजवर वाचलेली नाही. ही गाडी बारा वर्षांची झाल्यावर सक्तीच्या तपासणीत पहिल्या फेरीत पास होईल का, आणि नाही झाली तर कशापायी अडकेल?

मी नव्या गाड्या घेणाऱ्यांपैकी नाही. तुमची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाते तेव्हा ती हौसेने घेणाऱ्या, तिच्यासाठी पार्ट शोधत फिरणाऱ्या आणि पासिंगच्या दिवशी तपासणीच्या खड्ड्याच्या कडेला उभं राहून इन्स्पेक्टरच्या चेहऱ्याकडे पाहणाऱ्या लोकांपैकी मी एक आहे. तुमच्या हिशेबात आमची नोंद नसते, कारण आमच्याकडून तुम्हाला विक्रीचा पैसा मिळत नाही. पण गाडीच्या आयुष्याची शेवटची आणि बहुधा सर्वांत मोठी पायरी आमच्याकडे जाते. म्हणून हे पत्र.

तपासणीला गाडीच्या बोनेटवर कोणतं चिन्ह आहे याच्याशी घेणंदेणं नसतं. ब्रिटनमध्ये १९६० साली एमओटी ही गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली तेव्हा ती फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती आणि ब्रेक, दिवे, स्टिअरिंग एवढंच पाहिलं जायचं. १९६७ मध्ये वयाची अट तीन वर्षांवर आली, १९६८ ला टायर आले, १९९१ ला धूर आला. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तिसऱ्या वर्षी आणि मग दर दोन वर्षांनी असते. जपानमध्येही खासगी गाड्यांचं वेळापत्रक तेच आहे. युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशात किमान अट घालून दिली की पहिली तपासणी चार वर्षांच्या आत, पुढे दर दोन वर्षांनी, आणि सापडलेले दोष किरकोळ, गंभीर व धोकादायक अशा तीन वर्गांत नोंदवायचे. उलट टोकाला अमेरिकेतल्या अनेक राज्यांत सुरक्षिततेची अशी नियमित तपासणीच नाही. टेक्ससने तर १ जानेवारी २०२५ पासून बिगर-व्यावसायिक गाड्यांची ती बंदच केली. जिथे तपासणी नाही तिथे गाडी धड आहे की नाही हे ठरवायला मालकाची समजूत आणि तुमचा शब्द एवढंच उरतं, त्यामुळे तिथे तुमची जबाबदारी वाढते असं मी मानते.

आता निकालांकडे येते, कारण तुमच्यापैकी काहीजण ते जाहिरातीत वापरता.

जर्मनीत ट्यूफ या गाड्या तपासणाऱ्या संस्थांचा अहवाल दरवर्षी निघतो. मॉडेलनुसार, वयाच्या गटानुसार, किती गाड्यांत गंभीर किंवा धोकादायक दोष सापडले याची टक्केवारी त्यात असते. पोर्शे ९११ या यादीत वर्षानुवर्षं वरच्या ओळींत दिसते, जुन्या वयोगटांतसुद्धा. तळाच्या ओळींत अनेकदा डॅशिया लोगान असते. एवढंच वाचलं तर कोणीही म्हणेल की महाग ती टिकाऊ आणि स्वस्त ती तकलादू. पण २०२४ आणि २०२५ चे अहवाल उघडा. दोन ते तीन वर्षं वयाच्या गाड्यांत सर्वांत खाली टेस्ला मॉडेल ३ होती. एका वर्षी १४.७ टक्के, दुसऱ्या वर्षी १४.२ टक्के गाड्या नापास. ती काही गरिबाची गाडी नव्हे. आणि २०२५ ला त्याच वयोगटात पहिली आली होंडा जॅझ, अवघ्या २.४ टक्क्यांवर.

९११, लोगान आणि मॉडेल ३ या तीन गाड्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या की तक्त्यामागचं खरं चित्र दिसू लागतं. ९११ वर्षाकाठी कमी चालते, बहुतेकदा घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी असते, छपराखाली झाकून ठेवलेली असते आणि तिच्या मालकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरचं बिल जड जात नाही. लोगानचा मालक टायर शेवटच्या मिलिमीटरपर्यंत वापरतो, कारण त्याला वापरावाच लागतो. मॉडेल ३ चं कारण आणखी वेगळं आहे. कंपनीने ठरावीक सर्व्हिसची सक्ती ठेवलेली नाही, त्यामुळे सस्पेंशनमधली झीज, हेडलाइटचा चुकलेला झोत, गंजलेली ब्रेकची डिस्क हे सगळं पहिल्यांदा कोणी बघत असेल तर तो तपासणीचा इन्स्पेक्टरच. शिवाय विजेची गाडी मोटरच्या जोरावर वेग कमी करते, त्यामुळे चाकांवरचे ब्रेक कमी वापरले जातात आणि न वापरलेल्या डिस्कवर गंज धरतो. चांगल्या तंत्रामुळे तयार झालेला दोष आहे हा, आणि वर्षातून एकदा चाक काढून पाहिलं तर तो वेळीच कळतो.

तर हा तक्ता गाडीच्या घडणीविषयी जितकं सांगतो तितकंच मालकाचा खिसा, चाललेले किलोमीटर आणि सर्व्हिसची सवय यांविषयी सांगतो. त्यातच आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. नवी आलिशान गाडी तपासणीला क्वचितच जशीच्या तशी जाते. ती आधी सर्व्हिसला जाते, तिथे वायपर, बल्ब, ब्रेक पॅड बदलले जातात आणि मग ती इन्स्पेक्टरसमोर उभी राहते. जर्मनीत तर इन्स्पेक्टरच पुष्कळदा वर्कशॉपमध्ये येतो. ब्रिटनमध्ये तपासणीच्या जागीच तासाभरात दोष दुरुस्त केला तर गाडी शेवटी पास म्हणून बाहेर पडते, म्हणून तिथे पहिल्या फेरीतले नापास आणि अखेरचे नापास असे दोन आकडे वेगळे ठेवावे लागतात. यातला कोणता आकडा कोण वापरतंय हे न सांगता ‘आमची गाडी तपासणीत अव्वल’ असं छापणं प्रामाणिकपणाचं नाही. ज्या तीन वर्षांत गाडी वॉरंटीत आणि तुमच्याच देखरेखीत असते, त्या वर्षांचं यश तुमच्या सर्व्हिस सेंटरचं आहे. गाडीचं यश बघायचं असेल तर ती तुमच्या हातून सुटल्यानंतरचे आकडे बघावे लागतील.

आणि तिथेच खरी पडझड सुरू होते.

आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते. आठ-दहा वर्षांनी ती एखाद्या साध्या नव्या गाडीच्या भावात, कधी त्याहून खाली मिळू लागते. तिच्या पार्टची किंमत मात्र उतरत नाही. उलट दरवर्षी चढते. घेणारा माणूस गाडीच्या आजच्या भावाकडे बघून घेतो आणि त्याला देखभाल करावी लागते ती तिच्या मूळ भावाने. सगळं दुखणं या एका दरीत आहे. तपासणीत नापास झालेली बारा वर्षांची मोठी सेदान वाईट बनवलेली असते असं नाही; पुष्कळदा ती उत्तम बनवलेली असते, फक्त तिला ठीक करायला लागणारा पैसा तिच्या आजच्या किमतीशी कुठेच जुळत नाही. मग मालक काय करतो? तो काम पुढे ढकलतो. सस्पेंशनच्या सांध्यातलं रबर, म्हणजे बुश, आवाज करू लागलं की रेडिओचा आवाज वाढवतो. डॅशबोर्डवर पेटलेल्या दिव्याची सवय करून घेतो. आणि तपासणीच्या आदल्या आठवड्यात धावपळ करतो, किंवा गाडी विकून मोकळा होतो आणि ती दरी पुढच्याच्या गळ्यात बांधतो.

नेमकं कशात अडकतात या गाड्या, ते मी तुम्हाला सांगण्याची गरज नसावी, पण सांगते, कारण तुमच्या आराखड्याच्या टेबलावर हे दिसत नाही.

हेडलाइट घ्या. बहुतेक ठिकाणी तपासणीत दिव्यांचे दोष वरच्या क्रमांकावर असतात. साध्या गाडीत बल्ब गेला तर बल्ब बदलायचा, झोत वरखाली असेल तर स्क्रू फिरवायचा. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यू ७ मालिकेत झेनॉन दिवे आले, २००७ मध्ये लेक्ससच्या एलएस ६००एच मध्ये एलईडी हेडलाइट आले, आणि आता शेकडो ठिपक्यांनी समोरच्या गाडीभोवती अंधार कोरणारे दिवे आले आहेत. त्यांनी रात्रीचा रस्ता खरोखरच उजळला, याबद्दल मला आदर आहे. पण २००० ल्युमेनपेक्षा (ल्युमेन हे प्रकाशाचं माप) तीव्र प्रकाशस्रोत असेल तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार झोत आपोआप वरखाली करणारी यंत्रणा आणि दिवे धुणारी यंत्रणा लागते. झोत आपोआप जुळवायचा तर गाडी मागे किती दबली आहे हे कळायला हवं, म्हणून सस्पेंशनच्या दांड्याला एक सेन्सर जोडलेला असतो, एका बारीक जोडकाडीने. चिखल, पाणी, मीठ यांनी ती काडी जाम होते किंवा तुटते. मग दिवा खाली बघत राहतो किंवा समोरच्याच्या डोळ्यांत मारतो आणि गाडी नापास. बोटभर लांबीच्या काडीपायी! आणि जर दोष दिव्याच्या आतल्या एलईडीत किंवा त्याच्या नियंत्रकात असेल, तर बहुतेक वेळा तो सुटा मिळत नाही. अख्खा हेडलाइट घ्यावा लागतो, आणि तो बसवल्यावर गाडीच्या संगणकाशी त्याची ओळख करून द्यायला पुन्हा तुमचंच उपकरण लागतं.

एअर सस्पेंशनची, म्हणजे स्प्रिंगांऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलण्याची, गोष्ट तर जुनीच आहे. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅममध्ये ते होतं, आणि हवा गळते म्हणून अनेक मालकांनी ते काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. १९९८ च्या मर्सिडीज एस-क्लासपासून ते आलिशान सेदानमध्ये पुन्हा रुळलं आणि कितीतरी सुधारलं. रबर मात्र रबरच आहे. दहा-बारा वर्षांत हवेच्या पिशवीला बारीक भेगा पडतात, हवा झिरपते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतो, शेवटी तोही जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. गळणारी पिशवी आज बदलली तर कॉम्प्रेसर वाचतो, पण हे मालकाला सांगणारं कोणी नसतं. गाडीतला संदेश एवढाच येतो की वर्कशॉपला भेट द्या.

टायरचं दुखणं वेगळं. ब्रिटनमध्ये टायरच्या मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. तुमच्या वेगवान गाड्यांची मागची चाकं वळणावर पकड राहावी म्हणून जरा आत झुकवून बसवलेली असतात. त्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. उभ्याने बघणाऱ्याला टायर नवा दिसतो आणि आतल्या बाजूला तारा उघड्या पडलेल्या असतात. मालकाने मुद्दाम दुर्लक्ष केलेलं नसतं, त्याला तो भाग दिसतच नाही. गाडी जॅकवर चढेपर्यंत अशा टायरवर ती दीडशेच्या वेगाने धावलेली असते, आणि यात मला खरी भीती वाटते. हा दोष नापास करून थांबत नाही, तो जीव घेऊ शकतो. चाकाच्या अलाइनमेंटच्या आकड्यांसोबत ‘आतली कड दर इतक्या किलोमीटरला बघा’ ही एक ओळ मालकाच्या पुस्तिकेत ठळक छापायला काय अडचण आहे?

बुश आणि बॉल जॉइंट (चाकाजवळचा गोल फिरता सांधा) यांविषयी थोडक्यात लिहिते. चाकाला चार-पाच ॲल्युमिनियमचे आर्म, म्हणजे चाक गाडीला जोडणारे दांडे, देण्याने गाडी मखमलीसारखी चालते हे खरं. पण प्रत्येक आर्मच्या टोकाला रबर आहे, आणि वरचं वजन वाढत चाललं आहे. विजेवरच्या मोठ्या आलिशान गाड्या आता अडीच टनांच्या पुढे गेल्या आहेत. रबर झिजलं की स्टिअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, येतो आणि इन्स्पेक्टर पहारीने हलवून ते लगेच दाखवतो. पुष्कळ मॉडेलमध्ये बुश किंवा बॉल जॉइंट आर्मपासून वेगळा विकला जात नाही. सुपारीएवढ्या रबरासाठी धातूचा अख्खा, धडधाकट आर्म भंगारात जातो.

आणि मग डॅशबोर्डवरचे ते दिवे. एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा), एअरबॅगचा, इंजिनाचा. यातला एकजरी पेटलेला राहिला तरी एमओटीत गाडी नापास होते, आणि ते योग्यच आहे. पण तो दिवा चाकाजवळच्या क्षुल्लक सेन्सरमुळे पेटला की खऱ्याखुऱ्या बिघाडामुळे, हे शोधण्याची किल्ली कोणाकडे असावी हा माझा प्रश्न आहे. साधा स्कॅनर एक सांकेतिक क्रमांक दाखवून गप्प बसतो. पुढची वाट तुमच्या सॉफ्टवेअरमधून जाते.

हे सगळं मी तक्रार म्हणून लिहीत असले तरी एक मान्य करायला हवं, आणि ते मनापासून करते. गाडी सुरक्षित करण्याची जवळजवळ प्रत्येक मोठी कल्पना आधी तुमच्याच गाड्यांत आली. आधुनिक इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये एस-क्लासमध्ये मिळू लागलं. १९८१ मध्ये त्याच गाडीत चालकासाठी एअरबॅग आली. १९९५ मध्ये घसरणाऱ्या गाडीला सावरणारी ईएससी प्रणाली तिच्याच कूपेत आली. आज सामान्य गाडीत बसणारं मूल ज्या गोष्टींमुळे सुरक्षित आहे त्या आधी श्रीमंतांच्या गाड्यांत तपासून पाहिल्या गेल्या. म्हणूनच माझी अपेक्षा तुमच्याकडून आहे. जो नवी यंत्रणा आधी आणतो, त्यानेच ती वीस वर्षांनी कशी तपासायची हेही आधी सांगायला हवं.

ते होत नाही. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची अवस्था तपासलीच जात नाही. ते एकवेळ ठीक, कारण गिअरबॉक्स बिघडला तर नुकसान बहुतेक मालकाचंच होतं. पण समोर माणूस आला तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन धरून ठेवणारा कॅमेरा, बंपरमागचा रडार? यांच्या नावावर तुम्ही गाडी विकता. दहाव्या वर्षी, बंपर एकदा रंगवून झाल्यावर, काच एकदा बदलून झाल्यावर, तो रडार आणि तो कॅमेरा अजून सरळ बघतात का, हे नेहमीच्या तपासणीत जवळजवळ कुठेच पाहिलं जात नाही. मालकाला वाटतं की गाडी आपल्याला सांभाळेल. त्या भरवशावर तो थोडा निर्धास्त होतो. यंत्रणा आंधळी झालेली असेल आणि दिवाही पेटला नसेल, तर तो भरवसा नसलेल्यापेक्षा वाईट.

जर्मनीने यात एक पाऊल टाकलं आहे. तिथे जुलै २०१५ पासून इन्स्पेक्टर गाडीच्या निदान-सॉकेटला एक ॲडॅप्टर जोडून इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणांची चौकशी करतो, आणि त्यासाठी लागणारी मॉडेलनिहाय माहिती एका केंद्रीय संस्थेकडून येते. युरोपीय आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे प्रस्ताव मांडले. दहा वर्षांवरच्या गाड्यांची दरवर्षी तपासणी, विजेच्या गाड्या आणि इलेक्ट्रॉनिक सुरक्षा यंत्रणा यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या, आणि मीटरवरच्या किलोमीटरची नोंद. दहा वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी बोलावल्याने गरीब मालकाचा खर्च वाढेल हे खरं आहे आणि त्याची मला काळजी वाटते. पण इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासायलाच हव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि त्यात तुम्ही अडथळा होऊ नये ही विनंती आहे. माहिती तुमच्याकडे आहे. रडार किती अंशांनी हलला तर निकामी समजायचा, हे तुमच्या अभियंत्यांना ठाऊक आहे. ते इन्स्पेक्टरला कळलं तर तुमचं कोणतं गुपित फुटणार आहे?

‘गुपित’ म्हटलं की २०१५ आठवतं. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने फोक्सवॅगनवर ठपका ठेवला की डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करतं. नोव्हेंबरमध्ये तीन लिटरच्या व्ही-सिक्स इंजिनांवरही तसाच आरोप झाला, आणि त्यांत आउडी व पोर्शेच्या गाड्या होत्या. ज्या कंपन्या तेव्हा यात नव्हत्या त्यांनी आपला संबंध नाही म्हणून ही गोष्ट सोडून देऊ नये. गाडीतल्या संगणकाला आपण तपासले जात आहोत हे कळू शकतं, हे त्या वर्षी सगळ्या जगाला कळलं. तेव्हापासून बंद डब्यातल्या यंत्रणेवर ‘आम्ही सांगतो म्हणून विश्वास ठेवा’ हे म्हणणं कोणालाच पुरत नाही. बाहेरच्या माणसाला तपासता येईल अशी यंत्रणा बनवणं हा विश्वास परत मिळवण्याचा मार्ग आहे, आणि तो मार्ग तुमच्यासाठी अजून खुला आहे.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की आम्ही तिसऱ्या मालकासाठी गाडी बनवत नाही. व्यवहार म्हणून मला हे समजतं. पण पहिला मालक गाडी घेताना ती चार वर्षांनी कितीला जाईल याचा हिशेब करतोच, आणि तो भाव दुसरा मालक ठरवतो, दुसऱ्याचा भाव तिसरा. दहाव्या वर्षी तपासणीत रखडणारी गाडी म्हणून एखाद्या मॉडेलचं नाव झालं की त्याची झळ नव्या गाडीच्या विक्रीपर्यंत पोहोचते. ब्रिटनमध्ये तर गाडीच्या क्रमांकावरून तिच्या सगळ्या एमओटींचे निकाल कोणालाही फुकट पाहता येतात, नापास कशामुळे झाली तेही. फिनलंडचं सरकारी वाहतूक खातं मेक आणि मॉडेलनुसार नापासाचं प्रमाण प्रसिद्ध करतं. हे सगळीकडे वाढत जाणार आहे.

व्यवहारापलीकडचंही एक कारण आहे, आणि मला ते सर्वांत मोठं वाटतं. अडीच टनांची, चारशे-पाचशे अश्वशक्तीची गाडी, जिचा एक ब्रेक अर्धवट धरतो आणि टायरच्या तारा उघड्या आहेत, ती रस्त्यावर एकटी नसते. तिच्यासमोर सायकलवाला असतो, रस्ता ओलांडणारी म्हातारी असते. त्यांना गाडीची किंमत ठाऊक नसते, आणि तिची सर्व्हिस चुकवण्याचा निर्णय त्यांनी घेतलेला नसतो. साध्या हलक्या गाडीतला तोच दोष कमी घातक ठरतो. जितकी शक्ती आणि वजन तुम्ही देता, तितकी ती गाडी म्हातारपणीही धड राहील याची तजवीज तुमच्याकडून व्हायला हवी.

मालकांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. परवडणार नाही अशी गाडी केवळ रुबाबासाठी घेऊन तिचे टायर गुळगुळीत होईपर्यंत चालवणारे आहेत, आणि तपासणीपुरती चांगली चाकं उसनी लावून आणणारेही आहेत. त्यांच्यासाठी कायदा आहे. माझं बोलणं त्या मालकांसाठी आहे ज्यांना गाडी नीट ठेवायची आहे आणि ज्यांचा रस्ता तुम्ही अडवून ठेवला आहे.

म्हणून मागणी थेट करते. झिजणारी वस्तू सुटी विका. आर्म घ्यायला न लावता बुश द्या, हेडलाइट घ्यायला न लावता त्याचा नियंत्रक द्या, आणि सेन्सरची जोडकाडी तर स्क्रूइतकी सहज मिळू द्या. मॉडेल बंद झाल्यावर तपासणीशी संबंधित पार्ट किमान किती वर्षं मिळतील हे विक्रीच्या दिवशीच लेखी सांगा. निदानाचं सॉफ्टवेअर स्वतंत्र वर्कशॉपना रास्त शुल्कात द्या. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२२ पासून दुरुस्तीची माहिती अशी पुरवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथे तुम्ही ते करताच, मग बाकीच्या जगाला वेगळा न्याय कशाला? आधुनिक गाडी आपली बरीचशी हालहवाल तुमच्या सर्व्हरला कळवतच असते. तीच माहिती तपासणीच्या महिनाभर आधी मालकाला सोप्या शब्दांत द्या: पुढचे पॅड इतके उरले, कॉम्प्रेसर नेहमीपेक्षा जास्त चालतोय, डाव्या दिव्याचा सेन्सर बोलत नाही. आज ती गाडीतून तुमच्याकडे जाते आणि मालकाकडे येतच नाही.

आणि एक शेवटचं, जे कदाचित तुम्हाला सर्वांत जड वाटेल. ज्या देशांत निकाल खुले आहेत तिथले आकडे घेऊन तुमच्या प्रत्येक मॉडेलचं पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षाचं पहिल्या फेरीतलं नापासाचं प्रमाण, चाललेल्या किलोमीटरसकट, तुमच्या स्वतःच्या वार्षिक अहवालात छापा. कोणत्या पार्टमुळे नापास झाल्या तेही लिहा. पुढच्या वर्षीपासून सुरुवात करा, एखाद्या मॉडेलपासून केली तरी चालेल. पहिल्या वर्षी आकडे वाईट दिसले तर दिसू देत. ज्या पार्टचं नाव त्या यादीत सर्वांत वर येईल, त्याचा आराखडा नव्याने करायला घ्या आणि जुन्या गाड्यांनाही तो सुधारलेला पार्ट बसेल अशा बेताने करा.

कळावे,

आपली,
जुन्या आलिशान गाडीची एक मालकीण